सागाच्या ओळींत गुरे: केव्हा सोडायची, किती आणि किती दिवस

सागाच्या लागवडीत गुरे सोडावीत की नाही, या प्रश्नाला हो किंवा नाही असे एकच उत्तर देता येत नाही. तीच गाय दुसऱ्या वर्षी रोपाचा शेंडा मोडते, सहाव्या वर्षी वाढलेले गवत खाऊन वणव्याचे जळण कमी करते आणि बाराव्या वर्षी सावलीत खायला काही उरले नाही की खोडाला अंग घासत उभी राहते. पहिली काही वर्षे जनावर झाडाच्या मुळावर उठते, पुढे झाड गवताच्या मुळावर उठते. मधला काळ चराईचा. तो काळ लवकर सुरू कसा करायचा आणि लांबवायचा कसा, हे या लेखात आहे.

लेख महाराष्ट्रातल्या कोरडवाहू सागासाठी आहे. पाऊस साधारण ८०० मिलिमीटरच्या वर, जमीन मध्यम आणि पाण्याचा निचरा होणारी. खोल, भेगाळणारी, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन असेल तर तिथे मुळात साग नको, मग गुरांचा प्रश्नच येत नाही.

सागाखाली गवत का हवे, हे आधी समजून घ्यावे. सागाचे पान मोठे. पावसाचे बारीक थेंब पानावर एकत्र येतात आणि जाड थेंब होऊन उंचावरून खाली आदळतात. खालची जमीन उघडी असेल तर हे थेंब माती उडवतात. जुन्या दाट सागात झाडांच्या बुंध्याजवळ मुळे उघडी पडलेली दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. जिवंत गवताचा थर हा मार अंगावर घेतो. पण तेच गवत डिसेंबरनंतर वाळले की त्यात सागाची वाळकी पाने मिसळतात, आणि मार्चमध्ये एक ठिणगी पुरते. म्हणजे पावसाळ्यात गवत हवे आणि उन्हाळ्यात ते कमी हवे. हे काम गुरे करतात, पण मोजूनमापून चारली तरच. गवत खरवडून खाल्ले गेले की माती उघडी पडते आणि गुरे सोडण्याचा हेतूच उलटतो.

ओळींची आखणी

सागाची नेहमीची लागवड २ × २ मीटरवर होते, म्हणजे एकरी हजार झाडे. अशा लागवडीत पाचव्या-सहाव्या वर्षी माथे एकमेकांना भिडतात आणि खाली गवताची काडी उरत नाही. चराई धरायची असेल तर जोडओळ करावी. दोन ओळींत २ मीटर, ओळीतल्या झाडांत २ मीटर आणि दोन जोडओळींच्या मध्ये ८ मीटरचा मोकळा पट्टा. यात दर १० मीटरला दोन ओळी येतात आणि एकरी सुमारे ४०० झाडे बसतात. हजाराच्या जागी चारशे म्हणजे तोटा, असे पुष्कळांना वाटते. पण हजारांतली निम्म्याहून जास्त झाडे विरळणीत बारीक बल्ली म्हणूनच निघणार असतात. जाड लाकूड देणारी शेवटची झाडे दोन्ही पद्धतींत जवळपास तेवढीच राहतात.

सपाट जमिनीवर ओळी पूर्व-पश्चिम ठेवाव्यात. जून-जुलैत आपल्याकडे सूर्य जवळपास डोक्यावरून जातो, त्यामुळे पूर्व-पश्चिम पट्ट्याला गवताच्या ऐन वाढीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळते. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, पण तेव्हा गवताची वाढ तशीही थांबलेली असते. उताराची जमीन असेल तर ही सगळी गणिते बाजूला ठेवून ओळी समपातळीतच घ्याव्यात. उताराच्या दिशेने ओळ धरली की तिच्या कडेने गुरांची पायवाट पडते आणि दोन पावसाळ्यांत त्या पायवाटेचा ओघळ होतो.

सागजडी, म्हणजे मूळ आणि वर थोडे खोड ठेवून छाटलेले सागाचे रोप, लावायची असेल तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर पहारीने वीतभराहून थोडे खोल भोक पाडून जडी सरळ सोडावी. वरचे खोडाचे टोक जमिनीबाहेर बोटाच्या एका पेराएवढे ठेवावे आणि टाचेने माती घट्ट दाबावी. आत पोकळी राहिली की मुळाशी पाणी साचते आणि जडी कुजते. ओळीच्या दोन्ही अंगांना १ मीटर पट्टा पहिली तीन वर्षे गवताविना ठेवायचा. साग उन्हाचा भुकेला आहे आणि गवताशी पाण्यासाठी झगडा त्याला लहानपणी सोसत नाही. गवताने वेढलेले रोप मरत नाही, पण खुरटते, आणि गुरांच्या तोंडाच्या वर जायला त्याला दोन वर्षे जास्त लागतात. चराई उशिरा सुरू होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

पट्ट्यात कोणते गवत

जोडओळीतले २ मीटर आणि दोन्ही कडांचा एकेक मीटर सोडला की ८ मीटरच्या पट्ट्यात ६ मीटर गवताला मिळतात. एकरात सुमारे २,४०० चौरस मीटर, म्हणजे २४ गुंठे.

मध्यम जमिनीत मारवेल सर्वांत भरवशाचे. गुरे ते आवडीने खातात, पावसाचा खंड पडला तरी तग धरते आणि चांगली वैरण होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले मारवेल-०६-४० मिळाले तर त्याचे ठोंब घ्यावेत. जून-जुलैत ६० × ३० सेंटीमीटरवर लावायचे. एकराच्या २४ गुंठ्यांना साधारण १३ हजार ठोंब लागतात. एवढे एकदम विकत घेण्यापेक्षा आदल्या वर्षी दोन गुंठ्यांत बेणे वाढवून घेतलेले बरे. हलक्या, कमी पावसाच्या जमिनीत अंजन गवत घ्यावे. पाऊस भरपूर असेल आणि सावली वाढणार हे दिसत असेल, तर गिनी गवत. नेहमीच्या चाऱ्याच्या गवतांत सावली सोसण्यात गिनी पुढे आहे. मारवेल सावलीत विरळ होते. म्हणून सहाव्या-सातव्या वर्षी पट्ट्याच्या कडांना गिनीचे ठोंब टोचून ठेवावेत, मधोमध मारवेल राहू द्यावे.

गवतासोबत द्विदल हवेच, नाहीतर चाऱ्यात प्रथिने कमी पडतात. स्टायलो एकरी दीड ते दोन किलो. त्याच्या बियांचे कवच टणक असते. तसेच पेरले तर बरेचसे बी पहिल्या वर्षी उगवतच नाही. ८० अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यात बी चार मिनिटे ठेवावे, लगेच काढून रात्रभर गार पाण्यात भिजवावे, सावलीत सुकवून वाळूत मिसळून फेकावे. मातीत खोल गाडू नये, काटेरी फांदी फिरवली तरी पुरते.

नेपियर म्हणजेच हत्ती गवत, किंवा त्याचे संकर पट्ट्यात लावू नयेत. ते पुरुषभर वाढतात, लहान सागाचे ऊन अडवतात आणि पाण्यासाठी अधाशी असतात. विहिरीजवळ स्वतंत्र वाफ्यात त्यांची जागा.

पहिली तीन-चार वर्षे: जनावर बाहेर, चारा आत

या काळात गवत कापून गोठ्यात घालायचे. पहिल्या वर्षी ठोंब मुळे धरेपर्यंत एकच कापणी, फुलोऱ्याच्या सुरुवातीला. दुसऱ्या वर्षापासून पाऊसमान पाहून दोन-तीन कापण्या. कापताना चार बोटे बुडखा ठेवावा. फक्त पहिल्या वर्षी पट्ट्यात मूग, उडीद किंवा सोयाबीन घेऊन मग गवत लावले तरी चालते, त्यात तणांचा बंदोबस्त होतो. ज्वारी घेतली असेल तर कापणीनंतर बुडख्यांना फुटलेली कोवळी पात गुरांना खाऊ देऊ नये. तिच्यात विष असते आणि पोट फुगलेले दिसण्याआधीच जनावर आडवे होते.

“गाय सागाचे पान खात नाही, मग काय बिघडते?” असे गुराखी म्हणतात. सागाचे खरखरीत पान गाय सहसा खात नाही, हे खरे. पण लहान रोपाचे नुकसान खाण्याने होत नाही. ते तुडवण्याने, अंग घासण्याने आणि शिंगांनी होते. दीड मीटरच्या रोपावरून गाय पोट घासत पलीकडे जाते, रोप वाकते, परत उभे राहते आणि मोडलेल्या शेंड्याखालून दोन फुटवे येतात. वीस वर्षांनी त्या झाडाचा दुबेळका ओंडका निघतो आणि त्याला निम्मा भावही मिळत नाही. शेळ्यांना तर सागात कधीच प्रवेश नको, त्या साल सोलतात. आणि सागाऐवजी शिवण लावलेली असेल तर जास्त सांभाळावे लागते, कारण शिवणीचा पाला गुरे मिटक्या मारत खातात.

फाटक उघडण्याआधीची परीक्षा

वर्षे मोजू नयेत, झाडे मोजावीत. ओळींमधून तिरके चालत पन्नास झाडे पाहावीत. प्रत्येकाची छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजावा. घेर २० सेंटीमीटरच्या वर असावा आणि शेंडा ३ मीटरच्या वर. मग दोन्ही हातांनी खोड धरून जोराने हलवावे. खोड मुळापासून न डुलता फक्त वर लवले तर ते गाईचे घासणे सोसेल. पन्नासांतली पंचेचाळीस या परीक्षेत उतरली तर तो कप्पा चराईला तयार. मध्यम जमिनीत हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी होते, हलक्या जमिनीत पाचव्या. कप्प्यातल्या उरलेल्या खुरट्या झाडांना बोरी-बाभळीच्या काट्यांचा वेढा द्यावा, किंवा खोडाला छातीपर्यंत ताज्या शेणाचा काला फासावा. गुरे शेणाच्या वासाच्या जागी तोंड घालत नाहीत. पावसाने तो धुऊन जातो, पुन्हा लावावा लागतो.

पहिली आत जाणारी जनावरे शांत असावीत. भाकड गाई, कालवडी, वयस्क बैल. उनाड गोऱ्हे नकोत. खिल्लारसारखी लांब शिंगांची जनावरे खालच्या फांद्या मोडतात, त्यांना झाडे आणखी वर्षभर वाढू द्यावीत. म्हैस अंगाने जड आणि चिखलात लोळून आली की खोडावरच अंग पुसते, तिला पावसाळ्यात आत सोडू नये. विदर्भात गवळाऊ, मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी, अकोले-इगतपुरीच्या पावसाच्या डोंगरपट्ट्यात डांगी. ज्या भागात साग, त्या भागातली गाय या कामाला चांगली. जास्त दुधाच्या संकरित गाईचे पोट या चराईवर भरणार नाही, तिला गोठ्यातला खुराक लागेलच.

पहिल्या दिवशी उपाशी जनावर आत सोडू नये. सकाळी गव्हाणीत कडबा घालून मग दोन-तीन तास सोडावे आणि स्वतः तिथे थांबावे. कोणती गाय खोडाला तोंड लावते, ते त्याच दिवशी कळते. साल चघळण्याची सवय बहुधा मिठाच्या किंवा खनिजांच्या कमतरतेने लागते. चाटण वीट टांगून आठवडाभरात सवय सुटली नाही, तर ती गाय कळपातून बाजूला काढावी. एकीचे पाहून दुसऱ्या शिकतात.

किती गुरे, किती दिवस

हा हिशेब अंदाजाने करू नये. बांबूच्या पट्ट्यांची १ मीटर × १ मीटरची चौकट करावी. पट्ट्यात पाच वेगवेगळ्या जागी ती टाकून आतले गवत चार बोटांवर कापावे आणि वजन करावे. समजा सरासरी ८०० ग्रॅम हिरवे भरले. पावसाळी गवतात कोरडा भाग साधारण पाव, म्हणजे २०० ग्रॅम. एकरातल्या २,४०० चौरस मीटरवर ४८० किलो कोरडा चारा झाला. त्यातला निम्माच गुरांचा. उरलेला निम्मा गवताला पुन्हा फुटण्यासाठी आणि माती झाकण्यासाठी. हाती आले २४० किलो. ३०० किलो वजनाची गावठी गाय दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सुमारे ८ किलो कोरडा चारा खाते. २४० भागिले ८ बरोबर ३०. एका फेरीत एक एकर एका गाईला ३० दिवस पुरतो.

आता सहा एकर आणि चार गाई धरू. सहा एकरांचे अर्ध्या अर्ध्या एकराचे बारा कप्पे करावेत. एका कप्प्यात १५ गाय-दिवसांचा चारा आहे, चार गाईंना तो पावणेचार दिवस पुरतो. साडेतीन दिवसांनी त्यांना पुढच्या कप्प्यात हलवावे. बारा कप्पे संपवून पहिल्यावर परत यायला ४२ दिवस लागतात आणि प्रत्येक कप्प्याला ३८ दिवसांची विश्रांती मिळते. पावसाळ्यात गवताला ३० ते ४० दिवस लागतातच.

सहा एकर एकसंध ठेवून तिथेच चार गाई महिनाभर ठेवल्या तर चारा तेवढाच असूनही हिशेब फसतो. गाई आवडीच्या जागी परत परत जातात, चौथ्या-पाचव्या दिवशी आलेला कोवळा फुटवा खातात, मारवेलचे ठोंब दमतात, आणि न आवडलेले गवत वाढत राहते. दोन वर्षांत त्या जागी तरोटा हे तण दिसू लागते. तरोटा वाढला की समजावे, या कप्प्यात चराई जास्त झाली आहे. तो कप्पा पूर्ण एक पावसाळा बंद ठेवावा.

गुरे आत घालताना गवत वीतभराहून थोडे उंच, २५ ते ३० सेंटीमीटर असावे. बाहेर काढताना चार बोटे राहिलेले असावे. गाईने अजून मान खाली घातलेली असली तरी चार बोटांना बाहेर.

कुंपण, दावे आणि पाणी

बाहेरचे कुंपण पक्के हवे: चर, दगडी बांध किंवा काटेरी तार. आतल्या कप्प्यांना सौर झटका यंत्रावरची एक तार पुरते. ती ७५ ते ८० सेंटीमीटर उंचीवर, दर ८-१० मीटरला हलका खांब. गुरांना आधी गोठ्याजवळ या तारेची ओळख करून द्यावी. यंत्राला जमिनीत तीन सळया ठोकून अर्थिंग द्यावे लागते. उन्हाळ्यात माती वाळली की झटका बसेनासा होतो, तेव्हा सळयांभोवती पाणी ओतावे. घरची वीज थेट तारेत कधीही सोडू नये, त्याने माणसे आणि जनावरे मरतात आणि तो गुन्हाही आहे. तार सागाच्या खोडाला खिळ्याने ठोकू नये. झाड खिळा गिळते, त्याभोवती लाकूड काळे पडते आणि आरागिरणीत पाते तुटते.

कुंपण नसेल तर दाव्याने खुंटवता येते, पण दाव्याची लांबी मोजून ठेवावी लागते. खुंटी पट्ट्याच्या बरोबर मध्यावर ठोकली तर दोन्ही बाजूंची खोडे ४ मीटरवर येतात. दावे २ मीटरचे ठेवावे. गाईचे तोंड पावणेतीन-तीन मीटरपर्यंत पोचते आणि ती उलटी फिरली तरी मागचा भाग जेमतेम खोडापाशी येतो. दावे ४ मीटरचे झाले की ते खोडाभोवती गुंडाळते, गाय ओढते आणि नायलॉनची दोरी सालीत करवतीसारखी चालते. खोडाला चहूबाजूंनी असा फास बसला तर साल कायमची तुटते आणि वरचे झाड वाळते.

पाण्याची टाकी, चाटण वीट आणि गुरांची बसायची जागा झाडापासून लांब, पट्ट्याच्या मध्यावर असावी, आणि दर फेरीला जागा बदलावी. एका गाईला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, टाकीभोवती चिखल होणारच. तो मुळांवर होऊ नये. घासायला प्रत्येक कप्प्यात बाभळीचा एक जाड वाळका खुंट रोवावा आणि त्याला जुना जाड दोर गुंडाळावा. गाई झाड सोडून तिथे जातात. या एका खुंटाने वाचलेली साल सोललेल्या जागी लावायच्या बोर्डो पेस्टच्या डब्यांपेक्षा मोलाची.

वर्षाचा क्रम

जूनमध्ये पाऊस पडताच गुरे सोडण्याची घाई होते, कारण गोठ्यातली वैरण संपलेली असते. तीच सर्वांत वाईट वेळ. गवत मुळातल्या साठ्यावर फुटत असते, माती मऊ असते. पहिल्या चांगल्या पावसानंतर पाच-सहा आठवडे थांबावे. म्हणून जून-जुलैसाठी आदल्या ऑक्टोबरची वैरण राखून ठेवावी लागते.

पावसात सोडताना पायाखाली पाहावे. खूर दोन बोटांपेक्षा खोल रुतत असेल तर त्या दिवशी चराई बंद, कापून घालावे. ओल्या मातीत दाबलेली जमीन सुकल्यावर विटेसारखी होते आणि सागाची वरच्या थरातली बारीक मुळे गुदमरतात. तपासायला टोक केलेली सहा मिलिमीटरची सळई जवळ ठेवावी. चांगल्या पावसानंतर दोन दिवसांनी हाताच्या जोराने ती ओळीजवळ आणि पट्ट्यात खुपसून पाहावी. पूर्वी वीतभर जाणारी सळई चार बोटांवर अडली, तर तो कप्पा एक वर्ष फक्त कापणीसाठी.

सप्टेंबरमध्ये कुसळी गवताकडे लक्ष ठेवावे. कुसळी कोवळी असताना गुरे खातात. कुसळे धरली की ती हिरड्यांत आणि जिभेखाली घुसतात, जनावर खाणे सोडते. म्हणून कुसळीचे कप्पे आधी चारून घ्यावेत. याच महिन्यापासून दरवर्षी चार कप्पे बी पडेपर्यंत बंद ठेवावेत, पुढच्या वर्षी दुसरे चार. तीन वर्षांत सगळ्या शेतात गवताचे बी पडते. वैरण कापायची ती ऑक्टोबरमध्ये, फुलोऱ्याच्या सुमारास. बी पडून पिवळ्या झालेल्या गवताची वैरण म्हणजे नुसता भुसा.

डिसेंबर ते मार्च पानगळ. मोठी पाने मारवेलच्या ठोंबांवर चादरीसारखी बसतात. ती गोळा करून गोठ्यात अंथरायला आणि खताच्या खड्ड्यात वापरावीत, खोडाशी ढीग लावू नयेत. फेब्रुवारीच्या आत शेताभोवती ३-४ मीटरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, साफ झालेली असावी. तिला लागून असलेले कप्पे आधी चारावेत, म्हणजे जळणाची कड गुरेच खाऊन टाकतात. वाळल्या गवतावर गाय अंगाला लागत नाही, सोबत थोडी पेंड किंवा शेवरी-हादग्याचा पाला द्यावा. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात.

फऱ्या आणि घटसर्पाच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात, लाळ्या-खुरकुताची पशुवैद्यकाच्या वेळापत्रकाप्रमाणे. जंताचे औषध दिल्यावर दोन-तीन दिवस गुरे गोठ्यातच ठेवलेली बरी, कारण काही औषधे शेणातून उतरतात आणि शेणकिडे मारतात. शेण मातीत गाडायचे काम हे किडे फुकट करतात. सागावर पानांची चाळण करणारी अळी आली आणि फवारणी केली, तर औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत गुरे बाहेर.

पट्ट्यात घाणेरी दिसली की मुळासकट उपटावी. चारा असताना गुरे तिला शिवत नाहीत, पण भुकेली गाय खाते आणि तिचे यकृत बिघडते. उन्हात कातडी सोलवटलेली गाय दिसली तर आधी घाणेरी आठवावी.

सावली वाढली की

सहाव्या वर्षानंतरची खरी अडचण गुरे नसतात, सावली असते. ऑगस्टमध्ये भर दुपारी पट्ट्याच्या मध्यावर पांढरे धोतर अंथरावे आणि त्यावर किती ऊन पडते ते पाहावे. निम्म्याहून जास्त धोतर उन्हात असेल तर गवत टिकेल. निम्म्याच्या खाली आले की मारवेल विरळ होणार हे नक्की.

पहिला उपाय छाटणी. जानेवारी-फेब्रुवारीत पाने गळालेली असताना खालच्या फांद्या काढाव्यात. झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, फार तर निम्म्यापर्यंत. कोयत्याचा घाव घालू नये, साल खाली सोलत येते. छाटणीच्या करवतीने आधी फांदीच्या खालून थोडा काप, मग वरून, आणि खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता. खुंटी ठेवली तर ती कुजून लाकडात गाठ राहते. फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढली तर जखम लवकर भरते आणि लाकूडही निर्गाठ मिळते.

दुसरा उपाय विरळणी. सहाव्या-सातव्या वर्षी जोडओळीत आडवीतिडवी एकाआड एक झाडे काढून एकरी २०० ठेवावीत. आधी वाकडी, दुबेळकी, साल गेलेली. बाराव्या-चौदाव्या वर्षी पुन्हा विरळून १०० ते १२०. विरळणी केल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गवत जोमाने परतते. विरळणी लांबवली तर लाकूडही बारीक राहते आणि चाराही जातो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. आणि बारा वर्षांत सागाचे मोठे उत्पन्न हाती येईल अशा जाहिरातींवर विसंबून आखणी करू नये. त्या वयात पक्के, गडद लाकूड थोडेच असते. वीस-पंचवीस वर्षे धरूनच चालावे, आणि म्हणूनच मधल्या वर्षांत दूध, कालवडी आणि शेणखत महत्त्वाचे.

साल सोलली गेली तर त्याच दिवशी धारदार चाकूने कडा साफ कराव्यात आणि बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे, धातूच्या भांड्यात नव्हे. त्या झाडांजवळ आठवडाभर गुरे नकोत, मोरचूद चाटले तर विषबाधा होते. दोन वर्षांच्या आतल्या झाडाचा शेंडा मोडला असेल तर त्याला तसेच सांभाळत बसू नये. पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीलगत तिरका काप घ्यावा. जोमदार फुटवे येतात. ते गुडघाभर झाले की सर्वांत सरळ एक ठेवून बाकीचे काढावेत. वर्षभरात तो फुटवा शेजारच्या झाडांना गाठतो.

कागदाचे काम लागवडीच्या वर्षीच करावे. सातबाऱ्यावर झाडांची संख्या नोंदवून घ्यावी आणि विरळणीनंतर ती दुरुस्त करावी. महाराष्ट्रात साग खाजगी जमिनीवर असला तरी तोडीला परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. नोंद नसली की गिऱ्हाईक दारात आणि झाड उभे, अशी अवस्था होते.

शेवटची तोड एकदम सगळ्या शेताची करू नये. सागाच्या बुडख्यांना फुटवे येतात आणि त्यांवरच पुढचे पीक उभे राहते. पण तोडलेल्या कप्प्यात हे फुटवे पुन्हा ३ मीटरच्या वर जाईपर्यंत गुरे बाहेर ठेवावी लागतात, म्हणजे तिथे दोन-तीन वर्षे परत कापून घालणे आले. बारा कप्प्यांतले दरवर्षी दोन तोडले तर एका वेळी चार ते सहा कप्पे बंद राहतात. तोडीच्या पहिल्या वर्षीच चारपैकी एक गाय कमी करावी आणि उरलेल्या कप्प्यांत चौकट टाकून हिशेब नव्याने मांडावा.